चाव्या कोणाकडे? आपल्या वेबसाइटच्या खात्यांविषयी थोडेसे

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला 'वेबसाइट' या विषयावर बोलायला सांगितलं, तेव्हा आमच्या घरी सगळे हसले. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही?" मी म्हटलं, बाबा रे, वेबसाइट बनवणं माझं काम नाही. पण चाव्या कोणाकडे ठेवायच्या, रजिस्टर कसं लिहायचं, चार्ज कसा द्यायचा-घ्यायचा, यात माझी छत्तीस वर्षे गेली. आणि गेल्या तीन रविवारी बी विंगमधल्या आपल्या इंजिनियर मुलाच्या शेजारी बसून मी जे पाहिलं, त्यावरून सांगतो, वेबसाइट उभी करण्यात निम्मं काम हे चाव्यांचंच आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभेने ठराव केला की रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीची स्वतःची वेबसाइट असावी. त्यावर सभेच्या नोटिसा, उपविधी, पाणी बंदची सूचना, गणेशोत्सवाचे फोटो, मुलांचे निकाल आणि सभासदांचं लेखन असेल. त्यासाठी महिना भाड्याने एक सर्व्हर घेतला. सर्व्हर म्हणजे काय, तर दुसऱ्याच्या इमारतीत चोवीस तास चालू राहणारा एक कॉम्प्युटर. त्यावर 'वर्डप्रेस' नावाचं सॉफ्टवेअर बसवायचं ठरलं. हे २००३ साली सुरू झालं, फुकट मिळतं, आणि जगातल्या फार मोठ्या संख्येने वेबसाइट त्यावर चालतात. बसवायला पाच मिनिटं लागतात असं म्हणतात, आणि तेवढीच लागतात. पण त्या पाच मिनिटांत जी खाती आपण उघडतो, ती पुढची पंचवीस वर्षे आपल्या मानगुटीवर बसतात. म्हणून आज वेबसाइटच्या रंगरूपाबद्दल न बोलता या खात्यांबद्दलच बोलतो.

मंडळी, खातं म्हटलं की आपल्याला पासबुक आठवतं. इथे पैसे नाहीत. इथलं खातं म्हणजे 'हा माणूस कोण आणि याला काय काय करू द्यायचं' याची नोंद. आपल्या वेबसाइटला अशी खाती चार ठिकाणी आहेत. इमारतीचंच उदाहरण घ्या. एक कंपाउंडचं गेट, दुसरी मीटर रूम, तिसरं ऑफिसचं दार, आणि चौथा जमिनीचा सात-बारा. एकाची चावी दुसऱ्याला लागता कामा नये. आता एकेक बघू.

पहिलं गेट, म्हणजे सर्व्हर. त्यावर 'लिनक्स' चालतं. हे १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलं, पण त्याची घडण 'युनिक्स'सारखी. युनिक्स १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलं. आमच्या शाखेत पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेही युनिक्सवरच चालायचे, त्यामुळे मला जुना स्नेही भेटल्यासारखं वाटलं. या पद्धतीत पहिल्यापासून एक सर्वाधिकारी खातं असतं. त्याचं नाव 'रूट'. त्याला कोणी अडवत नाही, 'खरंच पुसू का?' असं विचारतही नाही. एका ओळीत तो सगळं पुसू शकतो.

म्हणून रिवाज असा की रूटच्या नावाने रोज आत शिरायचंच नाही. आपल्या मुलाने पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं साधं खातं उघडलं. मोठं काम असेल तेव्हा 'सुडो' असा शब्द आधी लिहायचा, म्हणजे तेवढ्या एका कामापुरता अधिकार मिळतो आणि कोणी, कधी, काय केलं याची नोंद राहते. मग रूटला बाहेरून प्रवेश बंद केला. पासवर्डऐवजी किल्लीची जोडी केली. एक भाग सर्व्हरवर, दुसरा त्याच्या लॅपटॉपमध्ये. दोन्ही जुळले तरच दार उघडतं. दुसरी जोडी सचिवांच्या नावाची आहे, ती त्यांच्या कॉम्प्युटरवर आहे.

आणि एक गंमत बघा. सर्व्हरवर माणसांशिवाय कार्यक्रमांचीही खाती असतात. पाहुण्यांना वेबसाइटची पानं वाढण्याचं काम जो कार्यक्रम करतो, त्याचं स्वतःचं वेगळं खातं आहे. उबंटूसारख्या लिनक्सवर त्याचं नाव 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा'. हा वाढप्या. याला पंगतीत वाढू द्यायचं, पण कोठीघराची चावी द्यायची नाही. उद्या कोणी त्याला फसवलंच, तर नुकसान पंगतीपुरतं राहावं.

इथे तीन आकड्यांचा एक हिशेब येतो. तो मला फार आवडला, कारण तो आपल्या लेजरसारखा आहे. प्रत्येक फाइलवर तिघांचे हक्क लिहिलेले असतात: मालक, त्याचा गट आणि बाकीचे सगळे. वाचण्याचे ४ गुण, लिहिण्याचे २, आणि चालवण्याचा किंवा कप्पा असेल तर आत शिरण्याचा १. बेरीज करायची. ६४४ म्हणजे मालकाला वाचणं-लिहिणं, बाकी दोघांना नुसतं वाचणं. साधारण फाइलींना हे पुरतं. कप्प्यांना ७५५. ज्या फाइलीत पासवर्ड आहे, ती ६४०. म्हणजे मालकाला वाचणं-लिहिणं, गटाला वाचणं, बाकीच्यांना शून्य. आपण त्या फाइलीचा मालक म्हणून मुलाचं खातं ठेवलं आणि गट म्हणून तो वाढप्या. त्याला वाचता येतं, बदलता येत नाही.

एखादी गोष्ट अडली की सल्ला देणारे म्हणतात, "सगळीकडे ७७७ करून टाका, चालेल." चालेल हो! सगळ्यांना सगळं करू दिलं तर अडणार काय? स्ट्राँग रूमचं दार काढून ठेवलं तर किल्ली हरवण्याची भीती उरत नाही, त्यातलाच प्रकार. मात्र फोटो ठेवायच्या कप्प्यात वाढप्याला लिहू द्यावंच लागतं, नाही तर गणपतीचे फोटो चढणार कसे? तेवढीच सूट. आणि याची एक किंमतही आहे, ती लपवत नाही. बाकीचे कप्पे बंद ठेवल्यामुळे वर्डप्रेसची नवी आवृत्ती आली की ती आपोआप बसणार नाही. कोणीतरी सर्व्हरवर जाऊन ती बसवायची. महिन्यातून एकदा हे काम करायचं आपल्या मुलाने कबूल केलं आहे. पण तो नसेल तर कोण, हे समितीने ठरवायला हवं.

दुसरी मीटर रूम, म्हणजे डेटाबेस. लेख, नोटिसा, नावं हे सगळं 'मायएसक्यूएल' नावाच्या वह्यांच्या कपाटात राहतं. या कपाटालाही एक 'रूट' असतो. नाव तेच, पण हा वेगळा. पुष्कळ लोक वर्डप्रेसला थेट याच रूटचं नाव-पासवर्ड देऊन मोकळे होतात. तसं केलं की एका वेबसाइटमधून शिरलेला माणूस कपाटातल्या सगळ्या वह्या उघडू शकतो. आपण काय केलं? एक वही नवी उघडली. एक खातं फक्त त्या वहीपुरतं उघडलं. आणि त्या खात्याला अट घातली की त्याच सर्व्हरच्या आतून आलास तरच दार उघडेल. बाहेरून बरोबर पासवर्ड घेऊन आलास तरी नाही.

कपाट नवीन बसवताना जुन्या आवृत्त्यांत बिननावाची खाती आणि 'टेस्ट' नावाची रिकामी वही तशीच पडून असायची. ती साफ करायला एक छोटा कार्यक्रम सोबत येतो. तो चालवून घ्यावा. नवीन घरात राहायला गेलो की बिल्डरच्या माणसांकडच्या चाव्या आपण मागून घेतो की नाही? तेच.

तिसरं ऑफिसचं दार, म्हणजे वर्डप्रेस स्वतः. बसवताना ते एक पान दाखवतं: वेबसाइटचं नाव, तुमचं खात्याचं नाव, पासवर्ड, ई-मेल. हे भरलं की पहिला 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' तयार. इथे तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, हे पान अर्धवट सोडून चहाला उठायचं नाही. सर्व्हर जगाला दिसत असतो. ते पान आधी ज्याने भरलं तो मालक. अशी अर्धवट पानं शोधत फिरणारे कार्यक्रम इंटरनेटवर असतात.

दोन, खात्याचं नाव 'अ‍ॅडमिन' ठेवायचं नाही. पूर्वी वर्डप्रेस स्वतःच हे नाव द्यायचं. २०१० सालच्या ३.० आवृत्तीपासून नाव निवडता येऊ लागलं. पण सवय जात नाही. एप्रिल २०१३ मध्ये जगभरातल्या वर्डप्रेस वेबसाइटवर मोठा हल्ला झाला. त्यात 'अ‍ॅडमिन' हे नाव धरून एकामागून एक सोपे पासवर्ड लावून बघितले जात होते. नाव ठाऊक असेल तर चोराचं अर्धं काम झालंच. हे नाव नंतर पडद्यावरून बदलता येत नाही, म्हणून पहिल्यांदाच विचार करावा.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, ई-मेल कोणाचा द्यायचा? पासवर्ड विसरला तर नवा पासवर्ड ठरवायची वाट त्या ई-मेलवर जाते. म्हणजे ई-मेल ज्याचा, वेबसाइट त्याची. तिथे कोणाचाही घरचा ई-मेल नको. सोसायटीच्या नावाचा वेगळा ई-मेल हवा, जो पदाबरोबर पुढच्या माणसाकडे जाईल.

आता अधिकार. वर्डप्रेसमध्ये पाच पायऱ्या आहेत. सगळ्यात वर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, त्याला सगळं. मग एडिटर, तो सगळ्यांचं लेखन तपासू, बदलू, छापू शकतो. मग ऑथर, तो फक्त स्वतःचं छापू शकतो. मग कॉन्ट्रिब्युटर, तो लिहू शकतो पण छापू शकत नाही, फोटोही चढवू शकत नाही. आणि शेवटी सबस्क्रायबर, तो आत येऊन स्वतःची माहिती बघू-बदलू शकतो, बस्स.

आमची सूचना अशी. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दोनच: एक सचिव, दुसरा तांत्रिक काम बघणारा. एडिटर दोन: समितीतल्या एक ताई आणि स्मरणिकेचे संपादक. खजिनदारांना ऑथर, म्हणजे देखभाल-शुल्काच्या सूचना ते स्वतः लावतील. आणि लिहिण्याची आवड असलेल्या आपल्या सगळ्या मंडळींना कॉन्ट्रिब्युटर. सी विंगमधल्या काकूंनी मला विचारलं, "म्हणजे माझी कविता तुम्ही तपासणार?" मी म्हटलं, काकू, कविता तपासायची आमची काय हिंमत! पण बँकेतही व्हाउचर एक जण लिहायचा आणि दुसरा पास करायचा. लिहिणारा चोर असतो म्हणून नव्हे. दोन डोळ्यांना जे दिसत नाही ते चार डोळ्यांना दिसतं म्हणून.

सचिवांसाठी एक विनंती. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असलात तरी रोजच्या नोटिसा त्या खात्यातून लावू नका. एक एडिटरचं दुसरं खातं उघडा आणि रोज ते वापरा. मॅनेजरही स्ट्राँग रूमची किल्ली खिशात घालून भाजी आणायला जात नसे.

चौथा सात-बारा. वेबसाइटचं नाव, ज्याला डोमेन म्हणतात, आणि सर्व्हरचं भाडं ज्या खात्यातून भरतो ते खातं. माझ्या ओळखीच्या एका गृहनिर्माण संस्थेत काय झालं ते सांगतो, नाव सांगत नाही. तिथल्या एका उत्साही तरुणाने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या ई-मेलवर डोमेन घेतलं. सुंदर वेबसाइट केली. दोन वर्षांनी नोकरीसाठी तो परदेशी गेला. समिती बदलली. नवीन समितीकडे एकही पासवर्ड नव्हता. वेबसाइटवर जुन्याच पदाधिकाऱ्यांची नावं आणि फोन नंबर दिसत राहिले. पुनर्विकासाची चर्चा चालू होती, त्यामुळे लोक म्हणू लागले, जुन्या मंडळींनी मुद्दाम अडवून धरलंय. त्यात वर्षाचं नूतनीकरण चुकलं, आणि ते नाव सुटलं. सुटलेलं नाव कोणीही विकत घेऊ शकतो. घेतलंही. त्या तरुणाचा हेतू निर्मळ होता, जुन्या समितीचाही होता. पण तीस वर्षे शेजारी राहिलेली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. वेबसाइट काय, पुन्हा होते. ते बोलणं मात्र मी अजून सुरू झालेलं पाहिलेलं नाही.

म्हणून डोमेन आणि सर्व्हर हे सोसायटीच्या नावाने, सोसायटीच्या ई-मेलवर आणि सोसायटीच्या बँक खात्यातून. पावती फाइलला. नूतनीकरणाची तारीख लिफ्टच्या आणि अग्निशमनच्या तारखांबरोबर एकाच तक्त्यावर.

आता काही जण म्हणतील, "साहेब, आपण सगळे घरचेच. एकच खातं, एकच पासवर्ड, व्हॉट्सअ‍ॅपवर समितीच्या ग्रुपमध्ये टाकून देऊ. एवढा खटाटोप कशाला?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे.

आमच्याकडे स्ट्राँग रूमला दोन किल्ल्या असायच्या, एक मॅनेजरकडे, एक हेड कॅशियरकडे. दोघे आल्याशिवाय दार उघडत नसे. नवीन लागलेल्या मुलांना वाटायचं, बँकेचा कॅशियरवर विश्वास नाही. मी त्यांना सांगायचो, उलट आहे. उद्या रोकड कमी भरली, तर ज्याच्याकडे एकट्याकडे किल्ली होती त्याने आपला प्रामाणिकपणा सिद्ध कसा करायचा? दुसरी किल्ली ही त्याच्या अब्रूची साक्षीदार आहे. वेबसाइटचं तेच. समजा सात जणांचं एकच खातं आहे. निवडणुकीच्या आदल्या रात्री सभेची वेळ बदलल्याची नोटीस लागली. कोणी लावली? नोंदीत एकच नाव. सातही जण संशयित, त्यातले सहा निर्दोष. प्रत्येकाचं वेगळं खातं असेल तर त्या सहा जणांना शपथा घ्याव्या लागत नाहीत. वेगळं खातं प्रामाणिक माणसाच्या सोयीसाठी आहे.

दुसरी गोष्ट सभासदांच्या माहितीची. आपल्या 'आय' नमुन्यातल्या सभासद नोंदवहीत नाव, पत्ता, वय, वारस हे सगळं असतं. थकबाकीदारांची यादी असते. हे कपाटात असतं म्हणून आपण निश्चिंत असतो. वेबसाइटवर यातलं काहीही चढवायचं नाही असं आम्ही ठरवलं आहे, कुलूप कितीही चांगलं असलं तरी. जे ठेवलंच नाही ते चोरीला जात नाही. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमत झाला आहे. दुसऱ्याची माहिती सांभाळणं ही आता नुसती सभ्यता राहिलेली नाही.

शेवटी चार्ज. समिती बदलली की आपण काय करतो? दप्तर मोजून देतो, सही घेतो. तसंच इथे करायचं. एक साधं रजिस्टर करा. त्यात रकाने असे: खातं कोणतं, कोणाच्या नावे, अधिकार काय, कधी उघडलं, कधी बंद केलं, आणि दोन सह्या. पासवर्ड रजिस्टरमध्ये लिहायचे नाहीत. डोमेन, सर्व्हर आणि मुख्य ई-मेल यांचे पासवर्ड वेगळ्या कागदावर, सीलबंद पाकिटात, पाकिटावर दोघांच्या सह्या, आणि पाकीट सोसायटीच्या लॉकरमध्ये. जुनी पद्धत आहे, पण वीज गेली तरी चालते.

जाणाऱ्याचं खातं पुसताना वर्डप्रेस एक प्रश्न विचारतं: याच्या लेखनाचं काय करू, पुसू की दुसऱ्या कोणाच्या नावे करू? घाईत पुसलं तर त्याने लावलेल्या सगळ्या नोटिसा आणि फोटो गेले. म्हणून आधी अधिकार सबस्क्रायबरपर्यंत खाली आणावा, नीट पाहावं, मगच काय ते ठरवावं. आणि पासवर्डच्या फाइलीत आठ गुप्त ओळी असतात. त्या बदलल्या की त्या क्षणी आत असलेले सगळे बाहेर पडतात आणि पुन्हा पासवर्ड देऊन यावं लागतं. चार्ज बदलला त्या संध्याकाळी हे एकदा करावं. कोणाचा जुना फोन कुठे उघडा राहिला असेल, याची काळजी उरत नाही.

या सगळ्यावरून मी समितीपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, डोमेन, सर्व्हर आणि मुख्य ई-मेल कायम सोसायटीच्याच नावे राहतील असा ठराव व्हावा. दुसरी, एक खातं एकाच माणसाचं, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कधीही दोनपेक्षा कमी नाहीत आणि तीनपेक्षा जास्त नाहीत. तिसरी, दर वर्षी लेखापरीक्षणाच्या वेळी खात्यांचं रजिस्टर समितीसमोर वाचून दाखवावं. पाच मिनिटांचं काम आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा बिल्डरकडून प्रत्येकाने आपापल्या दाराची किल्ली सही करून घेतली होती. त्यातली कितीतरी मंडळी आज या सभागृहात आहेत, काही नाहीत, आणि काहींची मुलं त्यांच्या जागी बसली आहेत. इमारत माणसांपेक्षा जास्त टिकते. वेबसाइटही टिकावी असं वाटत असेल तर तिच्या किल्ल्या माणसाच्या नव्हे, पदाच्या हातात असाव्यात. बी विंगमधल्या त्या मुलाचं मी सर्वांच्या वतीने कौतुक करतो. त्याने स्वतःच्या हाताने सगळं उभं केलं, आणि स्वतःशिवाय ते चालावं अशी व्यवस्थाही स्वतःच केली.